टूलरूमवाल्याबरोबर कोल्हापूर

बुधवार, रात्र

आमच्या ह्यांना कुठल्याही देवळात न्या, आधी दाराचा कडी-कोयंडा बघतात, देव नंतर. ३४ वर्षं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, टूलरूममध्ये काढली, त्याचा हा परिणाम. अंतरपाट दूर झाल्यावर ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं की मुंडावळ्यांच्या तारेकडे, याची मला अजून खात्री नाही.

निवृत्तीला दोन वर्षं झाली. घरातल्या बिजागऱ्या, नळ, मिक्सर आणि आजूबाजूच्या चार घरांतली शिलाई मशिनं दुरुस्त करून संपली, तेव्हा मुलीने महालक्ष्मी एक्स्प्रेसची दोन तिकिटं हातात ठेवली. "बाबांना तलवारी, तुला अंबाबाई," अशी तिने वाटणीही करून टाकली. आषाढ चालू होता. श्रावण लागायच्या आत तांबडा-पांढरा पोटात गेला पाहिजे, एवढीच ह्यांची अट.

आणखी एक सांगून ठेवते. ह्यांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. मशीनशॉपची देणगी. त्यामुळे ह्यांना कुजबुजता येत नाही. कल्याणला गाडीत चढून दहा मिनिटं झाली नसतील, तोवर मी गॅस बंद केलाय का, हे अख्ख्या डब्याला समजलं होतं.

गुरुवार

सकाळी कोल्हापूर. पाऊस कोसळत नव्हता, पण थांबतही नव्हता. रिक्षावाल्याने बसल्या बसल्या बातमी दिली, "पंचगंगा चढालीया. राजाराम बंधारा गेला पाण्याखाली." त्याच्या आवाजात काळजी कमी आणि पाहुण्याला आपल्या नदीचा तोरा दाखवल्याचं समाधान जास्त होतं.

लॉजमध्ये बॅगा टाकल्या. कुठला लॉज ते सांगत नाही. खिडकीतून पाणी आत येत होतं आणि ह्यांनी जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या कोंबून ते बंद केलं. अंबाबाईचं दर्शन गर्दी नसल्यामुळे पटकन झालं. मग मिसळ. इथे मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस देतात आणि कट मागाल तेवढा ओततात. ह्यांनी तीनदा मागितला. दुपारी त्याचे परिणाम झाले, ते सोडून देऊ.

नव्या राजवाड्यात पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. काळ्या दगडाची लांबच लांब इमारत, मधोमध घड्याळाचा मनोरा. पावसात भिजलेला काळा दगड म्हणजे नुकतंच तेल लावलेल्या पाट्या-वरवंट्यासारखा दिसतो. बांधकाम १८७७ ते १८८४. नकाशा मेजर चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज इंजिनिअरचा, आणि तो १८८१ मध्येच वारला. हे मी आदल्या दिवशी वाचून ठेवलं होतं, कारण ह्यांच्याबरोबर जायचं तर तयारीने जावं लागतं. ऐकून हे भिंतीजवळ गेले, दोन चिऱ्यांच्या सांध्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "ड्रॉइंग करणारा गेला, पण फिटर होते ना."

तळमजल्यावर शहाजी छत्रपती म्युझियम आहे. आत फोटो काढायला बंदी. मला ते बरंच वाटलं, कारण फोटो काढता आले असते तर ह्यांनी प्रत्येक मुठीचे चार बाजूंनी काढले असते. राजघराण्यातले पोशाख, भरतकाम, हत्तीच्या अंगावरचा चांदीचा साज, पेंढा भरलेली जनावरं, हे सगळं ओलांडून आम्ही शस्त्रांपाशी आलो. जनावरांशी मी फार वेळ थांबले नाही. ते वाघ आपल्याकडे काचेच्या डोळ्यांनी बघत असतात आणि आपल्यालाच उगाच अपराधी वाटतं.

शस्त्रांच्या कपाटाशी ह्यांनी चष्मा बदलला. म्हणजे आता तास गेला.

मी तलवारी आतापर्यंत चित्रांत आणि मिरवणुकीत बघितलेल्या. दुरून सगळ्या सारख्याच वाटतात. ह्यांनी एकेक भाग दाखवायला सुरुवात केली. परज म्हणजे बोटांवरून येणारी कमान. मुठीच्या टोकाला बशीसारखी वाटी. पात्याचा टोकाकडचा भाग तो पिपळा. हे शब्द त्यांना कुठून माहीत, हे मी विचारलं नाही. टूलरूमची माणसं जेवणाच्या सुट्टीत काय वाचतात कुणास ठाऊक.

"बघ, रिव्हेट नाही," हे म्हणाले.

खरंच नव्हता. माझ्या सुरीला दोन असतात. पात्याचं मागचं शेपूट पोकळ मुठीत घालायचं आणि आत तापवलेली लाख ओतायची. लाख गार झाली की मूठ बसली. आपल्याकडच्या बहुतेक तलवारी अशाच बसवलेल्या असतात.

"आणि सैल झाली तर?"

"तापवायची, काढायची, परत बसवायची. म्हणून तर पातं एकाचं, मूठ दुसऱ्याची, असं चालायचं."

आणि तसंच चाललं होतं. मराठ्यांकडे युरोपातून येणारी सरळ पाती भरपूर होती. जर्मनीतलं सोलिंगेन, इटलीतलं जिनोआ, अशा ठिकाणांहून नुसतं पातं यायचं आणि मूठ इथे चढायची. तिचं नावच फिरंग. म्हणजे ज्याला आपण अस्सल मराठमोळं हत्यार म्हणून हार घालतो, त्याचं पोट परदेशी असू शकतं. उलट ज्या लवचीक पोलादाचं युरोपला अप्रूप वाटायचं, ते मुशीत वितळवून दक्षिण भारतात होत होतं आणि बाहेर जात होतं. त्या पोलादाच्या पात्यावर पाण्यात तेल सांडल्यावर दिसावी तशी नक्षी उमटते. ती कोरलेली नसते, धातूतच असते. तिला जौहर म्हणतात. एका पात्यावर ती आहे की गंज आहे, यावर आमचं एकमत झालं नाही.

शेजारी एक कुटुंब उभं होतं. त्यातले काका मुलांना सांगत होते, "मुठी बघा केवढ्याशा! हात लहान होते त्या काळी." ह्यांना राहवलं नाही. हात लहान नव्हते. मूठ मुद्दाम तोकडी असते. बोटं आवळून बसतात, मागची वाटी मनगटाला टेकते आणि मनगट फार वळू देत नाही, म्हणून वार खांद्यातून, ओढून होतो. ठोसून नाही, चिरत. हे समजावताना ह्यांनी माझी छत्री उचलली आणि प्रात्यक्षिक केलं. पोरं खूश. दाराजवळचा पहारेकरी लगबगीने आला.

"साहेब, छत्री खाली. काच हाय."

ह्यांनी छत्री खाली घेतली. मी चार वेळा माफी मागितली. पहारेकरी साठीच्या आसपासचा, मिशीतल्या मिशीत हसणारा. त्याला ह्यांचं बोलणं आवडलं असावं, कारण तो तिथेच रेंगाळला आणि आम्हाला औरंगजेबाच्या तलवारीपाशी घेऊन गेला. या संग्रहातली ती सर्वांत नावाजलेली वस्तू. बाकीच्या कपाटांना मिनिट देणारी माणसं इथे पाच-पाच मिनिटं थांबत होती.

हे वाकून बघत राहिले. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे शेजारच्या दालनात ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "केली कुणी?"

"बादशहाची हाय," पहारेकरी म्हणाला.

"ते झालं. केली कुणी?"

पहारेकऱ्याने डोकं खाजवलं. "ते कोण लिवतंय, साहेब." थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या आज्यानं संस्थानच्या पागेत नाल मारलीत. ३० वरसं. घोड्यांची नावं हाईत बघा अजून लोकांच्या तोंडात. आज्याचं न्हाई."

ह्यांनी मान डोलावली. दोघं मग नालाच्या खिळ्यांविषयी बोलत बसले आणि मी मोकळी झाले.

मी तोवर एका ढालीपाशी उभी होते. कातड्याची ढाल, वर चार धातूची फुलं. ती फुलं शोभेची असतील असं मला वाटत होतं. पण ढाल तिरकी ठेवलेली असल्यामुळे आतली बाजू थोडी दिसत होती, आणि आत त्याच चार ठिकाणी हात अडकवायचे बंद आले होते. म्हणजे ती फुलं म्हणजे माझ्या ब्लाउजवरच्या टिचबटणांची वरची बाजू. आत मुठीमागे छोटी गादी होती. कापडाची, विटलेली. तिच्या कडेने घातलेले टाके मी मोजायला लागले. मी ३० वर्षं घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे टाका दिसला की मला दुसरं काही दिसत नाही. बारीक, तिरपे आणि एका कोपऱ्यात घाईघाईने दामटलेले. दोरा संपत आला असणार. दुसरा ओवायचा कंटाळा आला असणार. मलाही येतो.

ह्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हं. ही बाजू इन्स्पेक्शनला येत नाही, हे त्याला माहीत होतं."

दरबार हॉलही बघितला. रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग आहेत आणि पावसाळी उजेडातसुद्धा त्या सुरेख दिसतात. पण माझं मन त्या कोपऱ्यातल्या टाक्यात अडकलं होतं. बाहेर पडताना ह्यांनी एकदम सांगितलं, "आमचं नाव नव्हतं कशावर, पण टोकन नंबर होता. गेज, म्हणजे माप तपासायचं हत्यार, तुटलं की नंबर बघून बोलवायचे." एवढंच. मग संध्याकाळी रंकाळ्यावर भिजत भेळ खाल्ली आणि झोपलो.

शुक्रवार

सकाळी टाउन हॉलच्या संग्रहालयाला निघालो आणि वाटेत अडकलो. समोरून बायकांचा घोळका येत होता. डोक्यावर पाण्याने भरलेले कलश, वर आंब्याची पानं, पुढे 'पी ढबाक'. ज्यांनी हे वाद्य ऐकलं नसेल त्यांना नावावरूनच कळेल ते कसं वाजतं. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी नदीला आलेलं नवं पाणी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या पायऱ्यांवर नेऊन ओततात. प्रत्येक पेठेची, गल्लीची मिरवणूक वेगळी. एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "कुठनं आलाय? अंबरनाथ? मग या की संगट!" मला जायचं होतं. ह्यांना तलवारी बघायच्या होत्या. कोपऱ्यापर्यंत मी गेले, एक कलश दोन मिनिटं डोक्यावर घेतला, खांदा भिजवून घेतला आणि परत आले.

त्याच टेकडीच्या बाजूला प्रादेशिक सेनेची १०९ वी पलटण असते, मराठा लाइट इन्फन्ट्रीची. कोल्हापूर संस्थानाची स्वतःची फौज होती, राजाराम रायफल्स. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि राजाराम रायफल्स मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली. तिची आजची १९ वी बटालियन ती हीच. ही माहिती रिक्षावाल्याच्या भाच्याची. तो भरतीची तयारी करतोय. धावणं जमतंय, छाती कमी पडतेय.

टाउन हॉलची इमारत मला राजवाड्यापेक्षा जास्त आवडली. १८७६ मधली, तीसुद्धा त्याच मँटची. आवाक्यातली आणि बागेत बसवलेली. इथला मूळ संग्रह ब्रह्मपुरीच्या उत्खननातला. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर १९४०च्या दशकात खणलं, तेव्हा सातवाहनांच्या काळातलं गावच्या गाव वर आलं. त्यात एक वीतभर उंचीचीही नसेल अशी कांस्याची मूर्ती, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची. रोमन व्यापाराबरोबर इथवर आलेली. समुद्राचा देव सह्याद्री चढून कोल्हापुरात! हे तिच्यापुढे बराच वेळ उभे होते. ओतकाम कसं केलं असेल, मेणाचा साचा, मग मातीचं लिंपण, मेण वितळून गेलेल्या जागी धातू. "आणि हा माल इम्पोर्टेड," असा शेरा मारून पुढे गेले.

शस्त्रांच्या दालनात बंदुका आहेत. ठासणीच्या लांब नळीच्या बंदुका बघून मला नेहमी वाटायचं, ही नळी पोकळ कशी केली? एवढं लांब भोक पाडायचं कशाने? उत्तर असं, की पाडतच नव्हते. लोखंडाची तापवलेली पट्टी सळईभोवती पीळ देत गुंडाळायची, ठोकून सांधायची, सळई काढून घ्यायची. मग आतून साफ. दोरीच्या वेटोळ्यांनी शिंकाळं व्हावं तशी बंदूक. सांधा एका ठिकाणी कच्चा राहिला तर ती शत्रूला लागायच्या आधी उडवणाऱ्याच्याच तोंडात फुटणार. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात हातात, रंजक म्हणजे पेटवायची बारीक दारू नळीच्या कानात, म्हणजे बाजूच्या भोकाशी, दारूची शिंगं कमरेला. "सेफ्टी ऑफिसर बेशुद्ध पडला असता," असं हे म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला तिथे १८५७ची आठवण झाली, कारण आपण शाळेत मेरठ, झाशी, कानपूर शिकतो आणि थांबतो. कोल्हापुरात ३१ जुलै १८५७ च्या रात्री २७ वी नेटिव्ह इन्फन्ट्री उठली होती. डिसेंबरात पुन्हा एक उठाव झाला. महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा संशय. त्यांना कराचीला नेऊन ठेवलं आणि ते परत आलेच नाहीत. त्यांच्या नावाचा चौक आहे गावात. आम्ही त्यातून दोनदा गेलो, दोन्ही वेळा सिग्नल लाल होता.

दुपारी मटण. तांबडा रस्सा चांगलाच, पण मी पांढऱ्याची. नारळाचं दूध, तीळ, खसखस आणि मागून कुठून तरी येणारी मिरी. ह्यांनी वाट्या मोजल्या नाहीत, मी मोजल्या. सात.

संध्याकाळची गोष्ट ठरलेली नव्हती. जेवणाच्या खानावळीतल्या मुलाने ह्यांच्या गप्पा ऐकून (न ऐकून कुठे जातो!) सांगितलं की शिवाजी पेठेत मर्दानी खेळाचा सराव असतो, वस्ताद माझ्या ओळखीचे, जावा. गेलो. पत्र्याखाली, ओल्या मातीच्या वासात दहा-बारा मुलं-मुली. लाठी, फरी-गदका म्हणजे छोटी ढाल आणि काठी, आणि विटा चालू. विटा म्हणजे दोरी बांधलेला आखूड भाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. मला ही कल्पना फार पसंत पडली. फेकलेली वस्तू परत आलीच पाहिजे, हे आपल्या घरातल्यासारखं आहे.

तेरा-चौदा वर्षांची एक वेणीवाली मुलगी दांडपट्टा फिरवत होती. कोपरापर्यंत हात लोखंडी खोळीत, पुढे लांब, सरळ, दोन्हीकडे धार असलेलं, लवलवणारं पातं. पट्टा हवेत फिरतो तेव्हा आवाज आधी येतो आणि पातं नंतर दिसतं. एक मुलगा जमिनीवर उताणा झोपला, त्याच्या तळहातावर लिंबू ठेवलं, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा लिंबाच्या दोन फोडी होत्या आणि मुलगा नाक खाजवत होता.

वस्ताद सत्तरीचे. ह्यांनी पट्टा हातात मागितला. त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि दिला. पट्ट्याला तलवारीसारखी मूठ नसते, खोळीच्या आत आडवी दांडी असते, ती पकडायची. मनगट हलतच नाही, सगळा हात पातं होतो. ह्यांनी पातं वाकवून सोडलं, ते सळसळत सरळ झालं. मग खोळीच्या आत हात घालून बोटांनी चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. आत गादी होती. मी पण हात घालून बघितला. जुन्या साडीचं कापड, चारपदरी. वस्तादांच्या मंडळींनी शिवलेली.

"२०२४ ला सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र केला," वस्ताद म्हणाले. "झ्याक झालं. आता फोटोत सगळ्यांस्नी पायजे."

"पातं कोण करतं?" ह्यांनी विचारलं.

अख्ख्या दोन दिवसांत पहिल्यांदा या प्रश्नाचं उत्तर मिळालं. वस्तादांनी गावाबाहेरच्या एका लोहाराचा पत्ता दिला. "रविवारी बी असतोय. ऊसतोडीचं कोयतं करतोय, पर आमचं काम असलं की दुसरं काय हातात घेत न्हाई."

शनिवार

पन्हाळ्याला एसटीने. वीसेक किलोमीटर. वाघबीळ ओलांडलं आणि धुकं सुरू झालं, ते संध्याकाळी खाली उतरेपर्यंत सोबत होतं. म्हणजे २०२५ च्या जुलैत युनेस्कोने ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यातला एक आम्ही बघितला आणि दिसला मात्र फारसा नाही.

पण १६६० साली याच दिवसांत इथे कसं असेल, ते समजायला यापेक्षा चांगला दिवस नव्हता. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून. पावसाळा आला की वेढा ढिला पडेल, ही गडावरची आशा. सिद्दीने पावसातही छावणी हलवली नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपला दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आले आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. माल विकायची संधी त्यांना दिसली होती. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह त्या लोकांना कैदेत टाकलं. दारूगोळ्याच्या खात्यातल्या माणसाचं यावर मत असणारच. "माल विकला की बाजूला व्हायचं. डेमो द्यायला कशाला गेले?"

अंबरखाना धुक्यातून एकदम समोर आला. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या तीन कोठारांची नावं. एकट्या गंगा कोठीत २५,००० खंडी धान्य मावायचं म्हणतात. आत शिरलो तर पावसाचा आवाज बंद. भिंती इतक्या जाड की बाहेर पाऊस आहे हे विसरायला होतं. महिनोन्‌महिने गड लढला तो या धान्याच्या जोरावर. तलवारींना म्युझियम मिळतं. जात्यांना मिळत नाही. आत दळण कोण दळत असेल, हा माझा प्रश्न. ह्यांनी हवा खेळती राहण्याची सोय कशी केलीय ते शोधलं.

तीन दरवाजाकडे जाताना आमचं थोडं वाजलं. कारण क्षुल्लक होतं, भजी आधी की दरवाजा आधी. हे रागाने पुढे गेले आणि चार पावलांवर धुक्यात दिसेनासे झाले. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. डावा कान माझ्याकडे असणार. एका बाजूला तट, दुसऱ्या बाजूला काय आहे ते दिसत नाही, आणि माझ्या पोटात गोळा आला. मोबाइलला रेंज नव्हती. शेवटी पिशवीतला स्टीलचा डबा काढला आणि चमच्याने बडवायला लागले. ठण्‌ ठण्‌ ठण्‌. मिनिटभराने धुक्यातून आवाज आला, "झाकण सैल आहे त्याचं!"

मग भजी आधी खाल्ली.

तीन दरवाजाच्या कोरीवकामावर आणि फारसी शिलालेखावर पाणी ओघळत होतं. जवळच अंधारबाव, तीन मजली विहीर. वरून साधी इमारत वाटते, खाली पाणी. चार दरवाजा मात्र आता नावालाच. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो मोडून काढताना इंग्रजांनी तो पाडला.

येताना बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी थांबलो. ती रात्र सगळ्यांना पाठ आहे. १२ जुलै, सहाशे माणसं, दोन पालख्या. एका पालखीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद, गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा, जातीने नाभिक. तो पकडला गेला आणि मारला गेला. दुसरी पालखी विशाळगडाच्या वाटेने. घोडखिंडीत बाजीप्रभू. मला पाठ असलेल्या गोष्टीत एक जागा मात्र मी कधी थांबून बघितली नव्हती, ती ह्यांनी भिजलेल्या बुटातलं पाणी काढता काढता दाखवली. "साठेक किलोमीटर. रात्र, चिखल, असा पाऊस. पालखी खांद्यावर. भोई बदलले किती वेळा असतील?"

मी पायांकडे बघितलं. तीन तास डांबरी रस्त्यावर चालून माझ्या टाचेला फोड आला होता.

रविवार

सकाळी लोहार. भट्टी लावलेली होती, कारण उसाचा जिल्हा, कोयत्याला सुट्टी नसते. चाळिशीचा माणूस, कमी बोलणारा. ट्रकच्या जुन्या कमान-पाट्यांची चळत कोपऱ्यात. "पोलाद बाजारातनं आणायला परवडत न्हाई. ह्यात ताकद हाय." हे एकदम गप्प झाले. दोघंही पात्याच्या रंगाकडे बघत होते. लाल, मग केशरी, आणि नेमक्या क्षणी पाण्यात. तो क्षण दोघांनाही एकाच वेळी कळला, हे मला त्यांच्या मानांवरून दिसलं. मला काहीच कळलं नाही, नुसती वाफ दिसली.

पट्ट्याचं पातं ह्यांना हवं होतं. घरात कुठे ठेवणार, असं मी विचारल्यावर विषय संपला. मी विळीचं पातं मागितलं. माझी जुनी विळी आईची, धार लावून लावून दोऱ्याएवढी उरली होती. त्याने चार पाती पुढे टाकली. ह्यांनी एकेक नखाने वाजवून बघितलं आणि तिसरं उचललं. उलटं करून शेपटाशी बोट ठेवलं.

"हे काय?"

छिन्नीने मारलेली तीन टिंबं.

"आमची खूण," लोहार म्हणाला. "आज्यापासनं हाय. पाटात जातंय ते, दिसत न्हाई कुणाला."

ह्यांनी घासाघीस केली नाही. लग्नाला ३६ वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा बघितलं.

परतीच्या गाडीत पातं तीन वर्तमानपत्रांत आणि माझ्या एका टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवलं होतं. विळीचा पाट ह्यांनी घरीच केला, जुन्या दाराच्या सागवानाचा. लाख शोधायला दोन बाजार पालथे घातले, स्क्रू मारू दिला नाही. खाच मात्र अर्धा इंच मागे घेतली आहे. भाजी चिरायला बसलं की उजव्या पायाशी तीन टिंबं दिसतात. पाट त्यामुळे किंचित डुगडुगतो, खाली घडी घालून कागद ठेवावा लागतो.